पाटलांची पांढरी जोडी

सेलूच्या स्टेशनवर काचीगुड्याचं तिकीट मागितलं तेव्हा खिडकीतल्या बाबूने मान वर केली. "परत यायचं आहे, का तिकडंच?"

"परत यायचंय," मी म्हणालो. "सोमवारी कामावर हजर व्हायचंय."

त्याचं विचारणं बरोबर होतं. भाषेवरून हैदराबाद राज्याची वाटणी झाल्यापासून आमच्या फलाटावर सगळी गर्दी उलट्या दिशेची असते. हैदराबादेत नोकरी-मजुरीला गेलेली आपली माणसं ट्रंका, पाळणे, पितळी घंगाळं घेऊन उतरतात. तिकडे जाणारा एखादाच. त्या संध्याकाळी माझ्या डब्यात चढणारा मी एकटा होतो.

कालपरवापर्यंत हैदराबाद ही आमची राजधानी होती. शाळेत मी सगळे विषय उर्दूतून शिकलो, दाखल्यावरचा शिक्का तिथला, कोर्टकचेऱ्यांची शेवटची पायरी तिथली. आता ते शहर परराज्यात गेलं होतं आणि मी मात्र होतो तिथेच होतो.

जाण्याचं कारण सांगतो. माझा थोरला भाऊ किसन सिकंदराबादच्या मालधक्क्यावर (रेल्वेचा माल चढवण्या-उतरवण्याची जागा) हमाल होता. गेल्या उन्हाळ्यात तो तापाने गेला. आम्हाला कळलं तोवर त्याच्या सोबत्यांनी सगळं उरकलं होतं. दिवाळीनंतर तिकडून कायमचा परतलेला एक हमाल मला शोधत मी काम करतो त्या कापसाच्या जिनिंगवर आला. म्हणाला, "गंगाराम शाहिरानं तुमच्या भावावर गाणं बांधलंय. गावी परतणाऱ्यांना निरोप द्यायचा कार्यक्रम आहे रविवारी, तिथं गायचंय. पण रक्ताच्या माणसानं आधी ऐकल्याशिवाय तो गाणार नाही. तुम्ही या."

"नाही आलो तर?"

"तर गाणं मोडणार. त्याचा दंडक हाय तसा."

गाण्यातलं मला काही कळत नाही. मी जिनिंगच्या काट्यावर बसतो. गाडी भरलेली किती, रिकामी किती, कापूस किती, एवढंच मला कळतं, आणि ते मी चोख करतो. पण माणूस एवढ्या लांबून निरोप पाठवतो आणि आपण जायचं नाही, हे मनाला पटेना. बायकोने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

किसनदादा मी शाळेत असतानाच घर सोडून गेला होता. लग्नकार्याला यायचा, अंगणात बाज टाकून झोपायचा, जायचा. आमच्यात भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही फार नव्हतं. पाऊसपाणी विचारून झालं की दोघेही गप्प बसायचो.

सकाळी काचीगुड्याला उतरलो. स्टेशन तसंच ऐटबाज उभं होतं. सायकलरिक्षावाल्याने "कां जाना साब?" विचारलं तेव्हा बरं वाटलं, निदान ही बोली तरी जागेवर होती. नल्लकुंट्याला माझे एक लांबचे मेहुणे शंकरराव राहतात, त्यांच्याकडे उतरायचं ठरलं होतं. ते सरकारी कचेरीत कारकून. त्यांची बदली औरंगाबादेला झाली होती आणि बायकामुलं आधीच पुढे गेली होती. घरात पाऊल टाकलं तर माझ्याच चपलांचा आवाज घुमला. भिंतीवर तसबिरींचे चौकोन तेवढे पांढरे उरले होते.

"बसायला पाट आहे एक," शंकरराव म्हणाले. "चहा बाहेर घ्यावा लागेल. स्टोव्हसुद्धा बांधून गेला."

कोपऱ्यावरच्या इराण्याकडे दुधाळ, गोड चहा आणि खारं बिस्किट घेतलं. शंकररावांनी बस कुठे मिळेल ते दाखवलं आणि ते कचेरीत गेले. इथे माझा पहिला घोटाळा झाला. पूर्वी बसच्या उर्दू पाट्या मला भराभर वाचता यायच्या. आता ताज्या रंगाची पाटी, आणि अक्षरं तेलुगूची, गोल गोल, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. कुणाला विचारायची लाज वाटली आणि मी चढून बसलो. बस चादरघाटच्या पुलावर आली आणि खाली मुशी नदी दिसली तेव्हा कळलं, आपण सिकंदराबादच्या बरोबर उलट्या अंगाला चाललो आहोत.

कंडक्टर हसला. "अब आखरीतक बैठो चाचा. येइच गाडी वापस जाती."

शेवटचा थांबा दिलसुखनगरच्या बाजूला होता. तिथे चार दुकानं, पुढे मोकळी रानं. बसचा ड्रायव्हर जेवायला गेला. मी एका लिंबाखाली उभा राहिलो. शेजारी एक छकडा सोडलेला होता आणि बैल कडबा खात होते. एक पांढराशुभ्र, दुसरा तांबूस, त्याच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. जोडी विजोड होती पण बैल कामाचे होते. गाडीवान तेलुगू. मला काही विचारावंसं वाटलं, त्यालाही वाटलं असावं, पण आमच्यात शब्द नव्हते. त्याने बैलाच्या पाठीवर थाप मारली, मी मान हलवली. हैदराबादेत त्या दिवशी मला सगळ्यात जवळचं वाटलेलं बोलणं ते.

मालधक्क्यावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. लांबच लांब पत्र्याचं छप्पर, खाली तांदळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोत्यांच्या थप्प्या, हवेत बारदानाचा वास. हमालांची जेवायची सुट्टी होती. खांद्याला आकडा (पोतं ओढायचा लोखंडी हूक) अडकवलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या माणसाला मी विचारलं, "किसन कांबळेंचे सोबती कुठे बसतात?"

"किसन? कौन किसन?" त्याने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, चुकीच्या धक्क्यावर आलो. मग मी म्हणालो, सेलूचा, उंच, डाव्या भुवईवर खोक होती.

"अरे, पाटील!" दाढीवाला म्हणाला. "पाटील बोलो ना मियाँ. किसन किसन क्या लगाए." आणि मग मला नीट न्याहाळून, "हौ. नाक वहीच है. आओ, आओ."

त्यांचं नाव महबूबमियाँ. आमच्या सात पिढ्यांत कुणी पाटील नव्हतं. वडील सालगडी होते, दुसऱ्याच्या तिफणीमागे चालून त्यांचा जन्म गेला. पण मी तिथे काही बोललो नाही. माणसं मला बघायला उठून उभी राहिली होती.

गंगाराम शाहीर मला वाटला होता तसा नव्हता. बुटका, रुंद, मानेवर पोत्याने पडलेला घट्टा. तोही हमालच. मूळचा देगलूरकडचा, म्हणून मराठी, तेलुगू आणि दखनी (हैदराबादची उर्दू) तिन्ही त्याच्या तोंडात सारखीच. तो मला 'धाकले पाटील' म्हणू लागला. त्याने आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि गोंगुरा (आपली अंबाडीची भाजी, तिकडे फार आंबट करतात) माझ्यापुढे केली. मी दशम्या सोडल्या. यादय्या नावाच्या एका तेलुगू हमालाने लसणाची चटणी चाखली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "पाटील ऐसीच चटनी की बातां करता था. ये तो सच निकली."

बाकीचे हसले. मला ते हसणं तेव्हा कळलं नाही.

जेवण झाल्यावर गंगारामने डफ काढला आणि मला दंडक समजावून सांगितला. तो कामकरी माणसांवर गाणी करतो. धक्क्यावरचे हमाल, पोती शिवणाऱ्या बायका, इंजिनात कोळसा टाकणारे. ज्याचं गाणं त्याला आधी ऐकवायचं, तेही चार सोबत्यांसमोर. तो नसेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाला. ऐकताना एखादी ओळ खोटी वाटली की त्याने डफावर पंजा ठेवायचा. डफ बंद पडतो. ओळ सुधारायची, नाहीतर काढायची. पंजा पडला नाही तर गाणं खरं.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"धाकले पाटील, आमच्यावर दुसऱ्यांनी किती खोटं बोलावं याला धरबंद नाही," तो म्हणाला. "आपण तरी बोलू नये."

हा माणूस मला आवडला. माझ्या काट्यावर बसू शकला असता.

त्याने डफ तापवला, माझ्यासमोर धरला आणि गायला लागला. आवाज खरखरीत, पण प्रत्येक शब्द स्वच्छ.

*तीन मणांचं पोतं पाठीला,*
*फळीवर पाय जपून रं…*

मी पंजा ठेवला. डफ थांबला.

"तांदळाचं पोतं तीन मणांचं नसतं," मी म्हणालो. "अडीच."

मग महबूबमियाँ म्हणाले, "गाने में आधा मन जास्ती उठाया तो कमर नहीं दुखती भाई." सगळा धक्का हसला. गंगाराम हसला नाही. म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. अडीच मणांचं पोतं पाठीला. चालीतही बसतंय." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दादा कसा फळीवरून वाघिणीत (मालाच्या डब्यात) चढायचा, नवख्याला फळीच्या मधोमध कसं चालायचं ते कसं शिकवायचा, एकाचा पाय मोडला तेव्हा त्याच्या वाटणीची पोती महिनाभर कशी उचलली. हे मला ठाऊक नव्हतं. मी ऐकत होतो आणि माझ्याच घरातला माणूस मला एका परक्याच्या तोंडून कळत होता. मग धृपद आलं आणि सगळे हमाल एकदम गाऊ लागले:

*एवढी वाघीण रिती होऊ दे,*
*पेरणीला मला जाऊ दे.*
*हंशा नि सोन्या, पांढरी जोडी,*
*दावणीला बांधून आलोय मी.*

माझा पंजा गुडघ्यावर होता. तो तिथेच राहिला.

आमच्या घरापुढे दावण कधीच नव्हती. शेळी बांधायची एक मेख होती. हंशा नव्हता, सोन्या नव्हता. पेरणीला परत जायला वीतभर रान नव्हतं.

तेवढ्यात धक्क्यावर भोंगा झाला. वाघिणी लागल्या होत्या. मुकादम ओरडला, माणसं उठली. गंगाराम डफ पिशवीत घालत म्हणाला, "धृपदावर थांबलो आपण. उरलेलं उद्या कार्यक्रमाआधी ऐका. उद्याचं काय ते शेवटचं."

जाता जाता यादय्या माझ्याजवळ थांबला. तो रागात नव्हता, पण हसतही नव्हता. "सच बोलो भाई, बैलां थे क्या? मैं रोज बोलता था उसकू, तेरे कने बैलां है तो तू यां क्या कर रा? वो बोलता था, अगली पेरनी कू देख."

"यादय्या, चल," महबूबमियाँ म्हणाले. "कल पूछना. कल पंजा रखे तो रखे."

वाघिणी रित्या झाल्यावर गंगारामने मला बसच्या थांब्यापर्यंत पोचवलं. वाटेत मी विचारलं, "धृपद काढलं तर?"

"तर गाणं राहत नाही. बाकीचं सगळं त्याला टांगलंय." थोडं चालून तो म्हणाला, "पाटील बैलांचं सांगायला लागला की आम्ही सगळे बसायचो. सोन्या कसा पाणी पितो, हंशा कसा आधी उठतो. प्रत्येकाला आपलं काहीतरी आठवायचं. ज्याचं काही नव्हतं त्यालाही. उद्या गावी चाललेत त्यातले निम्मे त्या बैलांच्या गोष्टींवर इतकी वर्षं तगलेत. पण खोटं असेल तर पंजा ठेवा. माझ्यासाठी मागं बघू नका."

सिकंदराबादच्या त्या रस्त्यावर माणसांची रीघ होती आणि मला कुणी ओळखत नव्हतं. या वेळी बसची पाटी विचारून चढलो. शंकरराव घरी नव्हते, कचेरीतल्या त्यांच्या निरोपसमारंभाला गेले होते. मी पाटावर बसून उरलेली दशमी खाल्ली. पाणी प्यायला तांब्या शोधला, तोही नव्हता. नळाला ओंजळ लावली. दादा इथून तासाभराच्या अंतरावर राहिला, जगला आणि मेला, आणि त्याला हाक मारायचं नावसुद्धा इथे मला माहीत नव्हतं.

मी बैलांचा विचार केला. काट्यावर बसलेल्या माणसाने एकदा चुकीचं वजन लिहिलं की पुढची सगळी वजनं संशयात जातात. हे मी माझ्या हाताखालच्यांना शिकवतो. आणि गंगारामचा दंडकही तोच. त्याला फसवायचं म्हणजे त्याची सगळीच गाणी हलकी करायची. दुसऱ्या बाजूला दादा होता, ज्याने कुणाचं काही घेतलं नव्हतं. त्याने फक्त दोन बैल पाळले होते, जिथे पाळता आले तिथे.

रविवारी धक्क्यामागच्या चिंचेखाली सतरंज्या पसरल्या होत्या. परतणारी कुटुंबं बोचकी घेऊनच आली होती, कार्यक्रम संपला की तिथूनच गाडी. बायका एकमेकींची पोरं कडेवर घेऊन बसल्या होत्या. एक तेलुगू बाई मराठी शेजारणीच्या केसांत कनकांबराचा (अबोलीचा) गजरा माळत होती. कालचे सोबती एका बाजूला गोळा झाले. गंगाराम माझ्यासमोर बसला, डफ माझ्या हाताच्या अंतरावर धरला आणि थेट धृपदापासून उचललं.

*हंशा नि सोन्या, पांढरी जोडी…*

मी डफावर पंजा ठेवला.

डफाचं कातडं उन्हाने गरम होतं. त्याचा थरथराट माझ्या तळव्याखाली विझला. यादय्याने मान खाली घातली. त्याचं म्हणणं खरं ठरत होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. महबूबमियाँ दाढी कुरवाळायचे थांबले. गंगाराम माझ्याकडे बघत राहिला.

"हे चुकलंय," मी म्हणालो. "जोडी पांढरी नव्हती. हंशा पांढरा. सोन्या तांबूस होता."

मी पंजा काढून घेतला.

"तांबूस होता म्हणून तर सोन्या. आणि त्याच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलं होतं. पण ते गाण्यात घातलं नाही तरी चालेल."

यादय्याने वर पाहिलं. "टूटा कैसा?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी पाहिला तेव्हा मोडलेलंच होतं."

यादय्या महबूबमियाँकडे वळला आणि हळूच म्हणाला, "तांबडा था मियाँ." महबूबमियाँ म्हणाले, "मैं तो कबसे बोल रा हूँ हौले, सफेद बैल का नाम सोन्या कायकू रखेंगे?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गंगाराम ओठांतल्या ओठांत ओळ जुळवत होता. डफावर दोन थापा टाकून पाहिल्या. मी पंजा पुन्हा ठेवला नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं.

कार्यक्रमात ते शेवटी गायलं. सगळा जमाव धृपद उचलत होता, तेलुगू, मराठी, दखनी, ज्याच्या तोंडात जसं बसेल तसं:

*हंशा पांढरा, सोन्या तांबडा,*
*दावणीला बांधून आलोय मी.*

बोचक्यांवर बसलेली माणसं रडत होती. मी मागे उभा होतो. ज्यांना भेटायला आलो ते सगळे एकमेकांचे होते, आणि दादाही त्यांचाच होता. पण त्या एका ओळीत माझा भाऊ आणि मी एका घरातले होतो.

निघताना गंगाराम काचीगुड्यापर्यंत आला. फलाटावर त्याने केळी घेऊन दिली. गाडी हलायच्या आधी खिडकीला हात धरून म्हणाला, "धाकले पाटील, शिंगाचं पाटलांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं."

"राहून गेलं असेल," मी म्हणालो.

त्याने खिडकीवरचा हात काढला. मग म्हणाला, "असेल," आणि गाडीबरोबर दोन पावलं चालून थांबला.

येतानाचा डबा खच्चून भरला होता. माझ्या पायाशी कुणाचा तरी पाळणा होता, त्यात भांडी. परभणीच्या पुढे उजाडलं. काळी रानं दिसू लागली, कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या आणि मी प्रत्येक गाडीचे बैल बघत होतो. आजवर मी गाडीचं वजन पाहिलं होतं, बैलांचं वजन वजा करून. त्या सकाळी पहिल्यांदा बैल पाहिले.

घरी पोचलो तेव्हा बायको चुलीपाशी होती. कामावर जायला थोडाच वेळ होता. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "कसं होतं गाणं?"

"चांगलं होतं. दोन चुका होत्या, त्या सुधारल्या."

"कुठल्या?"

"एक पोत्याचं वजन. आणि दादाच्या एका बैलाचा रंग."

तिचा हात भाकरीवर थांबला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दारात ती शेळीची मेखच होती, आणि अजूनही आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भाकरी उलटली.

"कोणता केला रंग?"

"तांबूस."

"बरं केलं," ती म्हणाली. "पांढरे फार मळतात."